काडी ओढू न देणारा किसन

माझा दीर हरेश, त्याचं तुर्भ्याला ट्रक-टेम्पोंची इंजिनं दुरुस्त करायचं गॅरेज आहे. तिथला सगळ्यांत नावडता माणूस म्हणजे किसनभाऊ. मूळचे परभणीकडचे, पन्नाशी उलटलेले, मानेपासून डाव्या कानापर्यंत भाजून गुळगुळीत झालेली कातडी. कशानं भाजलं विचारलं, तर "लग्नात हळद जास्त लागली" म्हणायचे, आणि परत विचारायची हिंमत होणार नाही अशा नजरेनं बघायचे.

पेट्रोल, ॲसिड, कूलंट, जळकं ऑइल हा सगळा विषारी संसार त्यांच्या ताब्यात. तो ते शिव्यांनी सांभाळत. कोणी कूलंट पाण्याच्या बाटलीत भरलेलं दिसलं, की ती बाटली त्याच्याच जेवणाच्या डब्याशेजारी आपटत. "घे, भाताबरोबर पी. गोड लागतंय म्हणे." बॅटरीत ॲसिड भरताना डोळ्यांवर चष्मा नसला की, "आंधळा झाल्यावर बायको कोणाकडं बघतीय ते तरी कसं कळंल रे तुला?" फिटर धनाजी त्यांच्या पाठीमागे त्यांना 'फायर ब्रिगेड' म्हणायचा. पुढ्यातही म्हणायचा, पण जरा लांब उभा राहून.

मागच्या दसऱ्याची गोष्ट. दरवर्षी आम्ही घरचे सगळे गॅरेजात पूजेला जातो. पाने, स्पॅनर, जॅक धुऊन पाटावर मांडायचे, झेंडूच्या माळा, निरांजन, कापूर. एरवी आदल्या संध्याकाळी किसनभाऊ झाडून सगळं पेट्रोल बाहेर नेऊन ठेवतात. या वेळी एका गिऱ्हाइकाला टेम्पो दसऱ्यालाच हवा होता, म्हणून हरेशनं काम थांबवूच दिलं नाही. आम्ही पोचलो तेव्हा पाटापासून चार हातांवर इंजिनाचे सुटे भाग पेट्रोलच्या घमेल्यात बुडालेले. वासानं डोळे चुरचुरत होते.

सासूबाईंनी, म्हणजे गोजराबाईंनी, निरांजनात वात ठेवली. हरेशनं काडेपेटी काढली. तेवढ्यात दारातून किसनभाऊ आत आले आणि त्याच्या हातातली पेटी ओढून घेतली.

त्यांच्या अंगात पांढराशुभ्र शर्ट होता. दसरा त्यांचाही मोठा दिवस. विहारात निघाले होते, वाटेत नुसतं बघायला वळले होते.

"शेठ, आधी घमेलं बाहेर."

"पूजा झाली की नेतो. मुहूर्त चाललाय."

"वाफ जमिनीवरून चालत जाती शेठ. दिव्यापर्यंत जायला तिला मुहूर्त लागत नाही."

"यो मानूस हाय का कोन हाय?" सासूबाई कडाडल्या. "सनाच्या दिसाला आडवा आलाय!"

आणि मग धनाजी बोलला. "यांना देव चालत नाही म्हणून आपण पण दिवा नाय लावायचा काय?"

निदान हरेशनं तरी धनाजीला गप्प करायला हवं होतं.

किसनभाऊ धनाजीकडे वळले. "माझ्या घरी रोज मेणबत्ती लागती. घमेल्यात ठेवून नाही लावत."

"किसन," हरेश हळू म्हणाला. त्याचा हळू आवाज जास्त वाईट. "पेटी दे. नाहीतर उद्यापासून येऊ नको."

"नाही येत. पण आज काडी ओढू देणार नाही."

पेटी खिशात घालून त्यांनी एकट्यानं ते घमेलं उचललं. मी पुढे झाले तर ओरडले, "वहिनी, रेशमी साडी नेसून पेट्रोलला हात लावता? लांब व्हा!" पेट्रोल हिंदकळून पांढऱ्या शर्टावर काळा ओघळ उतरला. बाहेरच्या पिंपात ओतून त्यांनी झाकण लावलं, दोन्ही शटर वर केली, सांडलेल्या जागी वाळू टाकली आणि वास जाईपर्यंत दारात पाठ करून उभे राहिले. मुहूर्त टळला. सासूबाई त्यांना ऐकू जाईल अशा आवाजात त्यांच्या सात पिढ्यांचा उद्धार करत होत्या. शेवटी किसनभाऊंनी पेटी उंबऱ्यावर ठेवली आणि तसेच निघून गेले. शर्ट तसला, विहारात काय जाणार.

पूजा झाली, सोनं वाटलं. कुठे काही पेटलं नाही. "बघ वहिनी, झालं काही?" हरेश मला म्हणाला. घमेलं बाहेर गेल्यावर लावलेल्या दिव्यानं काही झालं नाही, आणि तेच किसनभाऊंच्या विरुद्ध धरलं गेलं.

आठवडाभरात हरेशची पंचाईत झाली. ॲसिडचे कॅन कोणी उचलेना, जळक्या ऑइलची पिंपं भरून वाहू लागली. धनाजीच्या हातांना फोड आले. पण शेठ स्वतः कसा जाणार? त्यानं मला पाठवलं. "सांग त्याला, आईची माफी माग आणि ये."

किसनभाऊ आपल्या खोलीच्या दारात बसून कांदे चिरत होते. मी निरोप सांगितला. त्यांनी मान वर केली नाही.

"माझी जागा भरा म्हणावं. फक्त नव्या माणसाला आधीच सांगा, पेट्रोलजवळ काडी ओढू दिली नाही म्हणून आधीचा काढलाय. बिचाऱ्याला पहिल्या दिवशीच कळू द्या, इथं कसं वागायचं ते."

"भाऊ, पण तुमचं कसं..."

"माझं बघायला तुम्हाला पाठवलंय का त्यांनी?"

मग मी परत फिरले. रात्री हरेश जेवायला बसला तेव्हा सगळ्यांसमोर मी निरोप सांगितला, शब्दसुद्धा न बदलता. सासूबाईंनी पातेलं आदळलं. हरेश भरल्या ताटावरून उठला, आणि तेव्हापासून माझ्याशी कामापुरतंच बोलतो. त्यांच्या जागेसाठी दोन माणसं घरी येऊन गेली. दोघांनाही मी तो निरोप दिला. दोघंही दुसऱ्या दिवशी कामावर आली नाहीत.