रापणीच्या खड्ड्यांवरची वाळू

तोंडवलीच्या आमच्या किनाऱ्यावर टांग्यांच्या शर्यती होतात. वाळू धावण्याजोगी आहे की नाही, हे सांगायचं काम गावाने माझ्या गळ्यात घातलंय. "तुझ्या पायांक कळता," म्हणतात. पायांना आता एवढंच कळतं, की गुडघे दुखतात. ओहोटी लागली की अनवाणी निघायचं आणि टाच रोवत या टोकापासून त्या टोकापर्यंत जायचं. वाळू बरी निघाली तर वाहवा घोड्यांची, वाईट निघाली तर मी गावाचा वैरी.

गेल्या वर्षी धाकट्या भावाची घोडी शेवटची धावणार होती. तिचं वय झालं होतं. दुसरी बऱ्याचदा आली होती, पहिली कधीच नाही. तो तिला इतकं जपायचा, की त्याची बायको म्हणायची, "माका मेलीक कोण इचारता? घोडयेक पेज पयली."

शर्यतीच्या सकाळी वाळू इतकी गुळगुळीत दिसली, की मला संशयच आला. आदल्या संध्याकाळी तिथेच रापण ओढली होती. ते मोठं जाळं किनाऱ्यावरून दोरांनी खेचताना माणसं टाचा रोवून मागे रेलतात आणि वाळूत खोल खड्डे पडतात. भरतीने ते भरतात, पण घट्ट व्हायला वेळ लागतो. आमच्या समितीच्या शहाण्यांनी पाहुण्यांसमोर शोभा व्हायला नको म्हणून त्या खड्ड्यांवर फळी फिरवून ठेवली होती. वरून सगळं सपाट दिसत होतं, पण माझी टाच घोट्यापर्यंत आत गेली. पळत्या घोड्याचा पाय तिथे पडला असता तर मोडलाच असता.

"शर्यत नको," मी म्हटलं.

"अरे, देवाक गाऱ्हाणा घातला, नारळ फुटलो," समितीचा अध्यक्ष म्हणाला. "आता माघार खंयची?"

शर्यत सरकवायलाही जागा नव्हती. एका बाजूला व्हाळाचं पाणी, दुसरीकडे खडक. मी 'नको'वरच अडून राहिलो. शेवटी शिव्या घालत का होईना, त्यांनी शर्यत रद्द केली.

भाऊ घोडीचा लगाम धरून उभा होता. "दादा, ती धावली आसती रे."

धावलीही असती. खड्डे चुकले असते, तर कदाचित पहिलीसुद्धा आली असती. हे मला तेव्हाही वाटत होतं, आणि त्याचंच जास्त वाईट वाटलं. न झालेल्या अपघाताला साक्षीदार नसतो. भावाने वर्षभर अबोला धरला. गणपतीत आरतीला शेजारी उभे राहिलो, तरी शब्द नाही. मीही थकलो होतो, समजूत घालायला गेलो नाही.

यंदा वाळू तपासून मी किनाऱ्यावरच बसून राहिलो. शर्यतीचा भोंगा सुरू झाला होता. भाऊ घोडीला घेऊन आला आणि जरा लांब उभा राहिला. ती धावणार नव्हती, नुसती बघायला आणली होती. भोंगा ऐकून तिचे कान ताठ झाले, आणि ती पुढचा पाय वाळूवर आपटत राहिली.

"यंदा वाळू बरी आसा?" त्याने समुद्राकडे बघत विचारलं.

"आसा."

तो बराच वेळ घोडीच्या मानेवर हात फिरवत राहिला.

"मगे गेल्या वर्षी बरी नायच होती," तो म्हणाला, आणि माझ्या शेजारी येऊन बसला.