रिकामा क्रूस आणि माझी सासू

मी कर्जतच्या एका शाळेत शिकवते. शाळेतले कॉम्प्युटर बंद पडले की खोपोलीहून एक मुलगा दुरुस्तीला यायचा. तिसऱ्या खेपेला त्याने स्क्रू पिळता पिळता माझ्या गळ्यातल्या साखळीकडे बघितलं आणि विचारलं, "मॅडम, तुम्ही कॅथलिक ना?"

"कशावरून?"

"तुमच्या क्रुसावर येशू आहे. आमचा रिकामा असतो." त्याने शर्टाच्या आतून स्वतःचा क्रूस काढून दाखवला. नुसत्या दोन काड्या. "आम्ही ल्युथरन."

मला त्या वेळी ल्युथरन म्हणजे प्रोटेस्टंटांतला नेमका कोणता पंथ ते ठाऊक नव्हतं. आमचं घर नगरकडचं, पिढ्यानपिढ्या कॅथलिक. वडिलांच्या रेल्वेच्या नोकरीमुळे आम्ही कर्जतचे झालो. त्याचे आईवडील गुंटूरकडचे, कारखान्यातल्या कामासाठी खोपोलीला आले आणि तिथलेच झाले. तो मराठी माझ्याइतकीच बोलायचा, फक्त जरा घाईत. पुढच्या सहा महिन्यांत शाळेतले कॉम्प्युटर फार वेळा बिघडले, एवढंच सांगते.

लग्नाचं ठरायच्या आधी त्याच्या आईने निरोप धाडला: एका रविवारी मुलीला आमच्या उपासनेला आण. मी माझी सगळ्यात सोज्वळ साडी नेसून खोपोलीला गेले. एका दुकानाच्या वरच्या मजल्यावर भाड्याचा हॉल होता. बाहेर चपलांची रांग. दाराशीच स्टुलावर स्टीलच्या पातेल्यात पाणी होतं. आमच्या चर्चच्या दाराशी पवित्र पाणी असतं, त्यात बोट बुडवून क्रुसाची खूण करायची आणि आत शिरायचं, ही लहानपणापासूनची सवय. मी बोट बुडवलं, कपाळाला, छातीला, दोन्ही खांद्यांना लावलं. मागून एक बाई आल्या, त्यांनी पातेल्यात निशिगंधाच्या काड्या ठेवल्या आणि माझ्याकडे बघतच राहिल्या. ते फुलांचं पाणी होतं.

पुढे बाकांच्या मधल्या वाटेवर मी सवयीने उजवा गुडघा जमिनीला टेकवला. आमच्याकडे वेदीकडे बघून असं नमन करतात. माझ्या मागोमाग होणारी सासू येत होती, ती माझ्यावर धडकली.

"क्या गिरा, बेटा? कानातलं पडलं?"

मी काही बोलायच्या आत ती वाकून शोधायला लागली. तिच्या शेजारची वाकली. तिसरीने मोबाइलचा टॉर्च लावला. पुरुषांच्या बाजूला बसलेला तो रुमालात तोंड खुपसून हलत होता. शेवटी मी कानाला हात लावून म्हटलं, "मिळालं." माझं त्यांच्या देवळातलं पहिलं वाक्य म्हणजे सपशेल खोटं.

तिथे मरियामातेची मूर्ती नव्हती, संतांच्या तसबिरी नव्हत्या, धूप नव्हता. एक टेबल, दोन मेणबत्त्या, भिंतीवर साधा लाकडी क्रूस. माझी नजर सारखी कुठेतरी टेकायला जागा शोधत होती. पण गाणी! चार कडव्यांचं गीत असेल तर चारही कडवी, पोटातून. आमच्या चर्चमध्ये गायकवृंद गातो आणि बाकीचे ओठ हलवतात. इथे प्रत्येकाला वाटत होतं की आपण नाही गायलो तर छप्पर पडेल.

मग प्रभूची प्रार्थना सुरू झाली, एरवीची तेलुगू सोडून माझ्यासाठी मुद्दाम हिंदीत. ही तर दोघांची एकच, म्हणून मी उत्साहाने मोठ्याने म्हटली. "बुराई से बचा" इथे आमची जपमाळेतली प्रार्थना संपते. मी खणखणीत म्हणाले, "आमेन!" आणि सगळा हॉल पुढे निघाला, "क्योंकि राज्य, पराक्रम और महिमा सदा तेरे ही हैं..." मी भर रस्त्यात एकटीच गाडीतून उतरले होते.

मला हसू फुटलं. दाबलं तर नाकातून आलं. खांदे उडायला लागले, डोळ्यांत पाणी आलं. सासूला वाटलं, मुलगी प्रार्थनेने हेलावली. तिने मला कुशीत घेतलं, पाठीवर हात फिरवला. "रो लो बेटा, रो लो. प्रभू सुनता है." मग तर मला मरणच आलं. घरी परत जाताना तिने त्याला सांगितलं म्हणे, "हीच करून घे. फार भक्तीची आहे."

त्याची पाळी पुढच्या रविवारी आली. कर्जतच्या मिस्सेला, म्हणजे आमच्या रविवारच्या उपासनेला, तो माझ्या आईशेजारी बसला. आम्ही उठलो की तो बसायचा, आम्ही गुडघ्यांवर गेलो की तो उठायचा. आईने शेवटी त्याची बाही पकडली आणि तिच्या हिशेबाने त्याला खाली-वर करू लागली. गीत आलं तेव्हा मात्र तो त्याच्या सवयीने गायला, खर्जात, छाती भरून. पुढच्या तीन बाकांवरच्या म्हाताऱ्या वळल्या. आई मला म्हणाली, "आगं, ह्याला दम द्यायचा का शाबासकी?"

एका गोष्टीला मात्र आम्ही हसलो नाही. ख्रिस्तप्रसादाच्या वेळी सगळे रांगेत उभे राहिले आणि तो एकटा बाकावर बसून राहिला. आमच्यात इतर पंथांतल्यांना प्रसाद देत नाहीत. मी जिभेवर प्रसाद घेऊन परतले, तेव्हा त्याने पाय आखडून मला जागा दिली.

लग्न आमच्या चर्चमध्ये ठरलं. बिशपांची परवानगी आली. आमचे फादर लग्न लावणार आणि त्यांचे पाळक शेवटी आशीर्वाद देणार. पाळक आदल्या दिवशी ओळख करून घ्यायला घरी आले. माझ्या आईने वाकून "या फादर" म्हटलं, पाणी दिलं, मग मागे उभ्या बाईंकडे बघून विचारलं, "ह्या कोण?"

"माझी मिसेस," पाळक म्हणाले. "मुलगा बारावीला आहे."

आमचे फादर लग्नच करत नाहीत. आईने तांब्या खाली ठेवला आणि क्रुसाची खूण केली. स्वयंपाकघरात येऊन मला हळूच म्हणाली, "पाळक तसे बरे आहेत गं. पण फादरांची बायको! तिला चहात साखर किती, हे मी कसं विचारू?"

खरी लढाई चर्चमागच्या मैदानात झाली. जेवणाच्या मंडपात स्टेजमागे मोठा क्रूस उभा करायचा होता. कडावचा मंडपवाला शिडीवर चढून बसला होता आणि खाली दोन विहिणी.

"येशूची मूर्ती हवी," माझी आई म्हणाली.

"नको," सासू म्हणाली. "तो कबरेतून उठला ना? मग अजून का टांगून ठेवता?"

"आधी खिळला, मग उठला. खिळलाच नाही तर उठला कुठून?"

"पण आता तिथे नाही ना!"

पाळकांना बोलावलं. ते बिचारे खरं बोलले: ल्युथरन मंडळींत मूर्तीसकट क्रूसही कितीतरी ठिकाणी असतो, त्यात चूक काही नाही. सासूने त्यांच्याकडे असं बघितलं, की ते पाणी प्यायला निघून गेले.

"ताई," मंडपवाला वरून म्हणाला, "देव लावायचा का नाय, ते एकदाचं सांगा. माझं पाय भरून आलं."

दोघींनी एकदम दोन उलटी उत्तरं दिली. मग तोच म्हणाला, "आसं करतो. आख्खा क्रूस पांढऱ्या शेवंतीनं भरून टाकतो. फुलांच्या आत कोन हाय, ते ज्याचं त्यानं समजावं."

मग आई म्हणाली, "फुलं दाट लाव हं." सासू म्हणाली, "एकदम दाट."

लग्नाच्या दिवशी फादरांनी वचनं म्हणवून घेतली. आम्ही दोघांनी ठरवून एकमेकांच्या डोळ्यांत बघायचं टाळलं, कारण बघितलं की हसू येणार. तरी "सुखात आणि दुःखात" म्हणताना त्याचा आवाज कापरा झाला. हसण्याने नव्हे. मी बघितलं, तर त्याचे डोळे भरलेले. मग माझेही भरले, आणि तेवढ्यात आम्हाला दोघांनाही हसू आलं. फादर म्हणाले, "सावकाश, घाई नाही."

शेवटी पाळकांनी आमच्या डोक्यांवर हात ठेवून आशीर्वाद दिला आणि खोपोलीकरांनी गायला सुरुवात केली. तेलुगू गीत, आमच्यापैकी कुणालाच शब्द येत नव्हते. दुसऱ्या कडव्याला आमचे फादर टाळीचा ताल धरू लागले. तिसऱ्याला पुढच्या बाकांवरच्या त्या म्हाताऱ्याही ला-ला-ला करत सामील झाल्या. माझी आई तोंड उघडून गात होती, काय ते देवालाच ठाऊक, आणि सासू तिच्या कानाशी वाकून पुढची ओळ आधीच सांगत होती. गीत संपलं तशी आई तिला विचारत होती, "झालं? अजून एक कडवं नाही का हो?"