दोन टक्क्यांची पट्टी

पॅटर्न करणाऱ्याची पट्टी खोटी असते. वितळलेला धातू साच्यात ओतला की थंड होताना आकसतो. म्हणून साचा उठवण्यासाठी लाकडाचा जो नमुना करतात, ज्याला फौंड्रीत पॅटर्न म्हणतात, तो हव्या त्या मापापेक्षा किंचित मोठा करावा लागतो. हा हिशेब दर वेळी डोक्यात करायला नको म्हणून पट्टीच मुळात लांब बनवलेली असते. पोलादाच्या कामाची पट्टी दोन टक्के लांब. तिच्यावरचे शंभर म्हणजे खरे एकशे दोन. बाकी दिसायला ती कुठल्याही पट्टीसारखीच. एका कोपऱ्यात ‘२%’ एवढं बारीक कोरलेलं असतं, आणि सवयीच्या माणसाला ते कधीच दिसेनासं झालेलं असतं.

उचगावच्या यल्लाप्पा कांबळे यांनी अशा पट्ट्यांवर चाळीस वर्षं काढली. उद्यमनगरातल्या एका फौंड्रीत ते पॅटर्नमेकर होते. यल्लाप्पानं माप घेतलं म्हटल्यावर दुसऱ्यांदा मोजायचं नाही, असा तिथला अलिखित कायदा होता. माणसाला असा मान मिळाला की तो एकटा पडतो. त्याची चूक शोधायला कोणी जात नाही, तो स्वतःही जात नाही.

एक्क्याण्णव साली फौंड्रीच्या मालकांनी आपल्या मुलासाठी जपानहून रिमोटवर चालणारी गाडी आणली. लालभडक, हातभर लांब, मागची चाकं जाड, पाठीवर काळा पंख. मुलानं ती दुसऱ्याच दिवशी जिन्यावरून खाली घातली. गिअरच्या डबीची प्लास्टिकची प्लेट मधोमध चिरली.

मालक म्हणाले, “यल्लाप्पा, बघा होतीय का. झाली तर तुमच्या पोरीला न्या.”

पोरगी म्हणजे सोनम. तेव्हा दहा वर्षांची होती. रविवारी बापाच्या सायकलवर बसून फौंड्रीत यायची, पॅटर्नला काचपेपर मारायची आणि भुसा झटकून विचारायची, “आणखी काय देऊ करून?” यल्लाप्पांनी जेवणाच्या सुट्टीत ॲल्युमिनियमचा तुकडा कापला, दोन गिअरच्या आसांसाठी दोन भोकं मारली आणि नवी प्लेट बसवली. संध्याकाळी अख्खी पाळी अंगणात गोळा झाली. दोन फेऱ्या गाडी हळू गेली. तिसऱ्या फेरीला सोनमनं रिमोटची दांडी पूर्ण पुढे ढकलली. आतून खडे भरडल्यासारखा आवाज आला. मोटर किंचाळत राहिली, चाकं थांबली. गिअरचे दाते सोलून निघाले होते.

यल्लाप्पांनी सगळ्यांसमोर तिच्या थोबाडीत दिली. “हातात दिल्याली चीज सांभाळता येत न्हाय?”

तिनं रिमोट हळूच जमिनीवर ठेवला. पुढच्या रविवारी ती आली नाही. त्याच्या पुढच्याही नाही. पोरगी मोठी झाली, असं यल्लाप्पांना वाटलं.

आज सोनम चव्वेचाळीस वर्षांची आहे, आजऱ्याला पोस्टात नोकरी करते. यल्लाप्पा सत्तरीत आहेत. यंदा मार्चमध्ये घराचे पत्रे बदलायला काढले आणि माळ्यावरची ट्रंक खाली आली. गाडी तिच्यातच होती. बॅटरी फुटून तिच्यावर हिरवी बुरशी चढलेली, टायर शिळ्या भाकरीसारखे भुगा झालेले. बाळासो तिथंच चहा पीत बसलेले होते. हे फौंड्रीतले जुने मोल्डर, म्हणजे वाळूत साचा उठवणारे. निवृत्तीनंतर रोज सकाळी चहाला येतात आणि भांडून जातात.

“ह्ये भंगार कशाला जपून ठेवलंयस रं यल्ल्या?”

“तुला ठेवलाय की नव्हं, मग ह्येबी ऱ्हाऊ दे.”

हाताला काम नव्हतं म्हणून यल्लाप्पांनी गाडी उघडायला घेतली. पत्नी सोनूबाई काहीच टाकून देत नाहीत, त्यामुळं चिरलेल्या जुन्या प्लेटचे दोन तुकडेही एका डब्यात मिळाले. ते जुळवून यल्लाप्पांनी आपल्या प्लेटवर ठेवले. एका भोकातून खिळा आरपार गेला, दुसऱ्यातून जाईना. दोन्ही प्लेटा खिडकीकडे धरल्या. भोक भोकावर बसत नव्हतं, कडेला उजेडाची एक बारीक कोर उरत होती.

त्यांनी मिलिमीटरचाही बारीक भाग मोजणारा व्हर्नियर लावला. दोन भोकांमधलं अंतर जुन्या प्लेटवर चाळीस मिलिमीटर होतं. त्यांच्या प्लेटवर चाळीस पूर्णांक आठ.

चाळीसचे दोन टक्के किती, हे त्यांना मोजावं लागलं नाही.

घाईत, सवयीनं, त्यांनी पोलादाच्या कामाची लांब पट्टी उचलली होती. दोन्ही गिअर एकमेकांपासून दूर बसले, दाते निम्मेच अडकत राहिले. हळू चालवली तर गाडी चालणार होती आणि जोर दिला की दाते सोलणारच होते. पोरीच्या हाताचा त्यात काही संबंध नव्हता.

यल्लाप्पांनी दोन्ही प्लेटा खाली ठेवल्या. मग त्यांनी बाळासोंना सगळं सांगितलं.

“आता काय त्येचं?” बाळासो म्हणाले. “चौतीस वर्सं झाली. तिच्या ध्यानात बी नसंल.”

सोनूबाई आतून परात आपटत म्हणाल्या, “ध्यानात नसंल? परवा तिचा मिक्सर बंद पडला, तर फोनवर पयलं काय म्हणाली म्हाईत हाय? ‘आई, मी काय केलं न्हाय, आपोआप बंद पडला.’ कपबशी फुटू दे, गाडी पंक्चर होऊ दे, पयलं त्येच. मी काय केलं न्हाय. तुमी दोघं हसतासा त्येला.”

हे खरं होतं. यल्लाप्पा त्याला चौतीस वर्षं हसत आले होते.

त्या दिवसापासून गाडी हा विरंगुळा राहिला नाही. बुद्ध पौर्णिमेला सोनम येणार होती. तोवर गाडी धावायला हवी होती, आणि तीही पूर्ण वेगानं. हळू चालणारी गाडी काहीच सिद्ध करणार नव्हती.

दीड महिना ते सकाळच्या उजेडात ओसरीवर बसले. डोळ्यांचं ऑपरेशन झालेलं, अंगठा थरथरणारा. नवी प्लेट त्यांनी खऱ्या पट्टीनं आखली, तीन वेळा मोजली, मग व्हर्नियर बाळासोंच्या हातात दिला.

“मोज.”

“मी मोजू? तुझं माप?”

“मोज म्हणतोय न्हवं.”

बाळासोंनी चष्मा पुसून मोजलं. “चाळीस. न ज्यादा न कमी.” आणि मग त्या दिवशी ते भांडलेच नाहीत.

चाकांच्या आसाभोवतीच्या झिजलेल्या कड्यांच्या, म्हणजे बुशांच्या, जागी बेअरिंगं आली. नवे गिअर आणि टायर कुरिअरनं आले. वेग कमीजास्त करणारी तांब्याची जुनी पट्टी तापून काळी पडली होती. ती काढून काडेपेटीएवढं इलेक्ट्रॉनिक सर्किट बसवलं. लिथियमची बॅटरी जुन्या खाचेत बसेना, तर तिच्यासाठी सागवानाची डबी कोरली. जुन्या रिमोटच्या खोक्यात नव्या रिमोटचं काळीज घालायचं काम लक्ष्मीपुरीत मोबाइल दुरुस्त करणाऱ्या संयोगिताताईंनी केलं.

“आजोबा, एवढा खटाटोप करण्यापेक्षा नवीनच घ्या की गाडी.”

“नवी काय मी मोडलीया व्हय?” यल्लाप्पा म्हणाले.

पौर्णिमेच्या आठवडाभर आधी त्यांनी बाळासोंना कामाला लावलं. “त्या पाळीतली जी माणसं जित्ती हायत, ती समदी बोलीव. ज्यांच्याम्होरं मारलं, त्यांच्याम्होरंच सांगायचं.”

सात जण आले. सकाळी विहारात वंदना झाली, दुपारी सगळ्यांना खीर मिळाली आणि ऊन उतरल्यावर मंडळी गावाबाहेरच्या मैदानावर जमली. एक जण वॉकर घेऊन आला होता. सोनमला वाटलं, आबांच्या मित्रांची बैठक आहे. मग तिला पिशवीतून निघालेली लाल गाडी दिसली आणि ती दोन पावलं मागं सरकली.

“सोनम, हिकडं ये.” यल्लाप्पांनी आवाज चढवला. फौंड्रीत यंत्रांवरून ऐकू जावा असा आवाज. “मंडळी, एक्क्याण्णव साली हिला मी तुमच्याम्होरं मारलं. गाडी हिनं मोडली न्हवती. माप माझं चुकलं हुतं. दोन टक्क्याची पट्टी लावल्याली मी.”

फौंड्रीतल्या माणसांना पुढं समजावून सांगायची गरज नव्हती. वॉकरवाला म्हणाला, “यल्लाप्पाचं माप?”

सोनमनं दोन्ही जुन्या प्लेटा हातात घेतल्या. भोकावर भोक धरून आभाळाकडे पाहिलं. उजेडाची कोर तिलाही दिसली.

“चुकलं माझं, पोरी,” यल्लाप्पा म्हणाले. एवढं मात्र खालच्या आवाजात.

“आबा,” ती प्लेटांकडे बघतच म्हणाली, “मला वाटायचं, माझा हातच वाईट हाय.”

मग तिनं हात पुढं केला. “द्या रिमोट.”

पहिली फेरी हळू. दुसरी हळू. दांडी निम्म्याच्या पुढं जाईना.

“पुरी ढकल.”

“मोडंल, आबा.”

“मोडू दे. पुरी ढकल!”

तिनं ढकलली. आतून खडे भरडले गेले नाहीत. एक बारीक, चढता, अखंड सूर निघाला आणि गाडी मागं धुळीची रेघ ओढत सुटली. तिसरी फेरी. यल्लाप्पांचे ओठ घट्ट मिटलेले. तिसरी झाली, चौथी झाली, पाचवी झाली. सात म्हातारे दोन बोटं तोंडात घालून शिट्ट्या मारायला लागले. बाळासो गाडीमागं पळाले आणि दहा पावलांत कमरेला हात लावून थांबले. सोनमनं पायातल्या चपला काढून बाजूला भिरकावल्या आणि गाडी मातीच्या ढिगावर घातली. गाडी उडाली, चाकांवर उतरली, पुन्हा सुटली आणि पोरांनी क्रिकेटच्या स्टंपांसाठी रचलेल्या विटांवर दणकन आदळली. पुढचं चाक दांडीसकट निखळून बाळासोंच्या पायाशी आलं.

शिट्ट्या थांबल्या. सगळ्यांनी सोनमकडे पाहिलं.

तिनं रिमोट डोक्यावर धरला. “मोडली!” ती ओरडली. “आबा, मोडली! मी मोडली!” आणि ती एवढ्या मोठ्यानं हसायला लागली, की तिला खाली मातीत बसावं लागलं.

बाळासोंनी गाडी उलटी करून गिअरची डबी उघडली होती. “दातं शाबूत हायत रं यल्ल्या! समदं दातं शाबूत!”

यल्लाप्पांनी चाकाची मोडलेली दांडी उचलली, धोतराच्या सोग्यानं पुसली आणि लेकीशेजारी मातीत बसले. खिशातून पट्टी काढून तिच्यापुढं धरली.

“घे माप. उद्या ही करू.”

सोनमनं डोळे पुसले. मोजण्याआधी तिनं पट्टी उलटीसुलटी करून चारही कोपरे नीट पाहिले. कुठंही काही कोरलेलं नव्हतं. मग तिनं ती दांडीला लावली.