खजुराच्या टोपल्यांखाली

मी आज जो काही आहे, तो आमच्या शाळेतल्या इतिहासाच्या सरांमुळे. घरात माझ्याआधी कुणी दहावीच्या पुढे गेलं नव्हतं. वडील मला होडीवर नेणार होते; सर येऊन ओट्यावर बसले आणि वडिलांचा होकार घेऊनच उठले.

निवृत्तीनंतर सर पुस्तक लिहीत होते. तीनेकशे वर्षांपूर्वी आखातातून येणाऱ्या गलबतांत लपवून आपल्या किनाऱ्यावरच्या बंडखोरांना बंदुका आणि दारूगोळा पाठवत, आणि गस्तीची जहाजं तो समुद्रातच अडवत, त्याबद्दल. एक प्रकरण अडलं होतं. गस्तीवाले खजुराच्या टोपल्या उपसून गलबताचा तळ तपासत, तरी बंदुकीची दारू सापडत नसे. ती ठेवत कुठे?

"तू बहरीनला आहेस. एखाद्या म्हाताऱ्या नाखव्याला विचार," सर फोनवर म्हणाले.

मी इंशाल्ला म्हणालो. सलमाबादच्या गोदामात आलेला माल कागदांशी ताडून पाहणं हेच माझं काम; प्रश्न मला नीट कळला होता. पण सुट्टीचा शुक्रवार कधी कपडे धुण्यात जाई, कधी क्रिकेटमध्ये. एक शुक्रवार तर ऑफिसबरोबर झल्लाकच्या रिसॉर्टवर गेला. अशी दोन वर्षं गेली.

"तुझं इंशाल्ला आणि आपल्या तलाठ्याचं 'उद्या या' एकच रे," सर एकदा हसून म्हणाले. नंतर त्यांनी विचारणं सोडलं.

यंदा पुस्तक हातात आलं. ते प्रकरण त्यात नव्हतं. खात्री करता आली नाही म्हणून वगळलं, एवढंच प्रस्तावनेत होतं. खाली आभारांत 'बहरीनचा माझा विद्यार्थी' होता.

त्याच शुक्रवारी बाब अल बहरीन या जुन्या वेशीमागच्या चहाच्या दुकानात एका म्हाताऱ्या नाखव्याला गाठलं आणि संध्याकाळी सरांना पत्र लिहिलं:

"सर, साष्टांग नमस्कार. दारू टोपल्यांखाली नसणारच. उकाड्यात खजुराला पाक सुटतो, तो झिरपत तळाशी जातो. तिथे ती भिजून वाया गेली असती. नाखवा म्हणतो, वर खलाशांच्या अंथरुणांखाली कोरडी ठेवत असतील. इथल्या किल्ल्यात असा पाक गोळा करायची, पन्हळी पाडलेली जुनी जमीन आहे. तिच्याजवळ काढलेला माझा फोटो मी तुम्हाला पाठवलाही होता.

विचारायला दहा मिनिटं लागली, सर. आभार वाचले. ते माझे नाहीत.

पत्राखाली 'आपला आज्ञाधारक' लिहायला तुम्हीच शिकवलंत. आज ते लिहवत नाही.

आपला विद्यार्थी"