थोरलीची चिठ्ठी

यादी मला लहानपणापासून आवडते. किराणा सामानाची असो की वर्गातल्या हजेरीची, ओळीत मांडलेली नावं बघितली की माझा जीव निवतो. नवऱ्याच्या मते हा एक आजार आहे. तो लातूरला कोचिंग क्लासमध्ये फिजिक्स शिकवतो, म्हणून आमचं बिऱ्हाड लातुरात. मी मात्र रोज स्कुटीवर किल्लारीच्या पुढं जायची. भूकंपानंतर नव्या जागी वसवलेल्या एका गावाच्या उपकेंद्रात मी आरोग्यसेविका होते. माझं माहेर नांदेडकडचं, भोकरचं. भूकंप झाला तेव्हा मी शाळेत होते आणि तो मी फक्त ऐकला होता. हे सगळं गाव त्यातून उठलेलं होतं.

कोरोनाच्या वर्षी पावसाळ्यात तालुक्याहून फोनवर यादी आली तेव्हा, खरं सांगायचं तर, मला आनंदच झाला. साठीच्या पुढची माणसं आणि दमा, साखर, बीपी, हृदयाचा त्रास असलेली माणसं, अशी ती जोखमीच्या लोकांची यादी. वयं कॉम्प्युटरनं आधारवरून काढलेली, आजार आम्ही घरोघर विचारून भरायचे. मग यादीतल्या एकेकाला छापील चिठ्ठी द्यायची. घरात राहा, गर्दीत जाऊ नका, ताप आला किंवा दम लागला तर या नंबरावर फोन करा. खाली माझा नंबर माझ्या अक्षरात. माझं अक्षर चांगलं आहे, हे मी इथं मुद्दाम सांगून घेते.

आनंद दोन दिवस टिकला. गावातली आशाताई, म्हणजे घरोघर फिरणारी माझी सोबतीण, यादी वाचता वाचता तोंडाला पदर लावून हसायला लागली. यादीत जो माणूस एक्याऐंशी वर्षांचा होता, तो आमच्यासमोर रस्त्यावर सोयाबीनच्या बियाण्याचं पोतं खांद्यावर टाकून चालला होता. एका घरात लेक आईपेक्षा दोनच वर्षांनी लहान. आणि जवळजवळ सगळ्या गावाचा जन्म एक जानेवारीचा. एका दिवशी एवढी बाळंतपणं कुठल्या सुईणीनं केली असतील, तिचे पाय धरायला हवेत, असं मी म्हटलं.

आशाताईनं समजावून सांगितलं. "म्याडम, समदे कागद ढिगाऱ्याखाली गेलते. मंग पत्र्याच्या शेडात सायेब आले, टेबल टाकून बसले. इचारलं, वय किती? ज्याच्या तोंडाला जे आलं ते सांगितलं. काहींनी आपलं, काहींनी शेजाऱ्याचं. त्येच पुढं रेशनकार्डावर, त्येच आधारवर."

"आणि आता तेच कोरोनाला सांगून राहिले," मी म्हणाले.

"राहिले, राहिले," ती म्हणाली. माझ्या नांदेडकडच्या बोलण्याची नक्कल करायची संधी ती कधीच सोडत नसे.

तरीही हुकूम तो हुकूम. यादीप्रमाणं आम्ही चिठ्ठ्या वाटल्या. चौथ्या गल्लीत दोन जावांचं घर होतं. भाऊ-भाऊ एकत्र शेती करणारे, आणि त्यांच्या बायकांना सगळं गाव थोरली आणि धाकटी म्हणूनच ओळखायचं. थोरली तेव्हा घरी नव्हती. ती बायांच्या खुरपणीच्या टोळीची मुकादम होती. सकाळीच काळीपिवळी जीपमध्ये तेरा-चौदा बाया कोंबून ती निलंग्याकडं गेली होती. यादीत नाव होतं धाकटीचं, वय चौसष्ट. धाकटी समोर आली. केस काळेभोर, हातात शेणाची पाटी, चाल तरतरीत. मी चिठ्ठी वाचून दाखवली. तिनं वयाबद्दल शब्दही न बोलता ती घडी करून कमरेला खोचली आणि म्हणाली, "चहा टाकू का?" बाकी सगळे वयावरून तरी कुरकुरत होते, ही नाही. मला वाटलं, चला, एक तरी शहाणी भेटली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी उपकेंद्राचं कुलूप काढतेय तोच थोरली आली. तोंडाला पदर गच्च बांधलेला, डोळे मात्र लाल. उपकेंद्राला पायऱ्या तीनच. ती तिन्ही चढली, आणि मला बोल लावायला तोंड उघडलं तर आवाजच फुटेना. खांबाला धरून ती उभी राहिली. छातीतून शिट्टी वाजत होती.

"तू," श्वास मिळाल्यावर ती म्हणाली, "तू शिकल्याली बाई. तुला घरची रीत ठावं न्हाई? सरकारचा सांगावा आला, तर त्यो आदी कुणाला? थोरलीला का धाकटीला?"

"मावशी, तो काही लग्नाचा सांगावा नाही. वय बघून दिलाय."

"मंग तर मलाच. ती ह्या घरात आली तवा म्या दोन लेकरांची आई हुते. तिच्या लग्नात हळद म्या लावली. आन ती माज्याहून म्हातारी?"

कागदावर ती छप्पन्नची होती. मी तो कागद दाखवला. तिनं तो हातात घेतला, उलटा-सुलटा केला आणि परत दिला. वाचता येत नव्हतं, आणि घरात मान असल्यावर कागदाकडं कोण बघतंय.

मला त्या मानापमानाचा फार राग आला होता. महामारी चाललीय आणि ह्यांना आधी कोण नंतर कोण पडलंय, असं मनात येत होतं. पण ती शिट्टी कानातून जाईना. आशाताईच्या पाहणीत थोरलीच्या पुढं "आजार नाही" असं लिहिलेलं होतं. मी बोटाला लावायचं यंत्र तिच्या बोटाला लावलं. ऑक्सिजनचा आकडा त्र्याण्णव, हवा त्याहून कमीच.

"मावशी, दमा कधीपासून आहे?"

"दमा कुठला. चढ हाय न्हवं."

"तीन पायऱ्यांचा चढ?"

तिनं मान फिरवली. मग हळूच कमरेच्या पिशवीतून, पानाच्या डब्याखालून, दम्याचा पंप काढला. चार वर्षं ती तो ओढत होती, गोठ्यात जाऊन, कुणाच्या नजरेला न पडता. दमेकरी बाईला मुकादम कोण ठेवणार, आणि जीपमध्ये शेजारी कोण बसू देणार? पोरीलाही माहीत नव्हतं. पोर म्हणजे तिची एकुलती लेक, पंचविशीची, लातूरला कोचिंग क्लासमध्ये जीवशास्त्र शिकवायची. क्लास बंद पडल्यापासून गावी येऊन घराच्या माळवदावर, म्हणजे गच्चीवर, जिथं रेंज येते तिथं फळा टेकवून, फोनवर पोरांना फुप्फुसं शिकवत होती. आणि खाली आई गोठ्यात पंप ओढत होती.

त्या जीपमध्ये चौदा बाया, खिडक्यांना ताडपत्री. एकीला जरी कोरोना झाला तरी ही बाई वाचणार नाही, हे मला समोर लिहिल्यासारखं दिसत होतं. तालुक्याच्या साहेबांना फोन केला. ते म्हणाले, वय बदलता येणार नाही, पण आजार असेल तर नाव घाला. मी तिथल्या तिथं नाव घातलं आणि चिठ्ठी लिहून तिच्यापुढं धरली.

तिनं हात पुढं केला नाही. "हितं न्हाई. घरी ये. माज्या दारात. हळदीकुकवासंगं."

आता मी ओरडायच्या बेतात होते, पण आशाताईनं मागून चिमटा काढला.

तर दुपारी आमची वरात निघाली. आशाताईच्या हातात हळदी-कुंकवाची ताटली, माझ्या हातात चिठ्ठी, दोघींच्या तोंडाला मास्क. थोरली ओट्यावर पाट टाकून नवं लुगडं नेसून बसलेली. अंतर ठेवायचं म्हणून ताटली ओट्यावर ठेवून आम्ही चार पावलं मागं सरलो, तिनं स्वतःच कुंकू लावून घेतलं. मी चिठ्ठी मोठ्यानं वाचली, गल्ली ऐकत होती. "आपण जोखमीच्या गटात आहात, तरी आपण घरीच राहावे." थोरलीनं अशी मान डोलावली की जणू सरपंचपद मिळालं. माळवदावरून लेक बघत होती, फोनमधली पोरंही बहुतेक ऐकत असावीत. दारात धाकटी उभी होती. मला वाटलं होतं ती फुरंगटेल. तिच्या चेहऱ्यावर मात्र सुटका झाल्यासारखं काहीतरी होतं, ते मला तेव्हा कळलं नाही.

एवढ्या मानानं मिळालेली चिठ्ठी मोडणार कशी? थोरलीनं जीप सोडली. टोळी धाकटीकडं गेली, आणि थोरली ओट्यावर बसून येणाऱ्या-जाणाऱ्याला दटावायला लागली. मास्क नाकाखाली असलेला माणूस चौथ्या गल्लीतून जायचं टाळू लागला.

आणि माझे डोळे उघडले. आधारवरची वयं मी बाजूला ठेवली आणि खरी वयं शोधायला निघाले. सुरुवातीला मी विचारायची, "भूकंपाच्या वेळी तुमचं थोरलं लेकरू केवढं होतं?" दोन घरांत बाया उठून आत गेल्या. आशाताई मला बाहेर घेऊन म्हणाली, "लेकराचं इचारू नगा. लगीन होऊन किती वरसं झालती, तेवढं इचारा." त्या दिवशी मला फार लाज वाटली. तेव्हापासून मी लग्नच विचारलं. आणि काय सांगू, त्या पावसाळ्यात, माणसं दारं लावून भिऊन बसलेली असताना, ओट्या-ओट्यावर लग्नाच्या गोष्टी निघाल्या. कुणाची वरात बैलगाडीतून निलंग्यावरून आली, कुणाचा नवरा मांडवात झोपला. नव्वदीची एक आजी नवऱ्यादेखत म्हणाली, "ह्यो पसंत नव्हता मला, ह्याचा भाऊ पसंत हुता." नवरा म्हणाला, "मलाबी तिची बहीणच पसंत हुती." हसून हसून आशाताईचा मास्क गळून पडला. पंधरा दिवसांत माझी यादी तयार झाली. एक्याऐंशीचा पोतंवाला पन्नाशीचा निघाला आणि यादीतून गेला, पण कागदावर तरुण असलेले कितीतरी खरे म्हातारे आत आले. एवढी सुंदर यादी मी आयुष्यात केली नव्हती.

गौरी उठल्यानंतर एक दिवस, भर दुपारी, थोरलीचा फोन आला. "म्याडम, चिठ्ठीत लिवलंय तसं फोन करून राहिले," आजारातही माझी नक्कल. "सकाळधरनं कणकण हाय. आशाताईचं यंत्र अठ्ठ्याऐंशी दावतंय." तासाभरात गाडी आली. लातूरच्या दवाखान्यात खाट मिळाली, ऑक्सिजन लागला. मी घरी जाताना रोज दवाखान्याच्या फाटकाशी थांबायची, आत सोडत नसत. आतून तिची खबर यायची. पाचव्या दिवशी खबर आली की चौथ्या खाटेवरची म्हातारी सिस्टरला विचारतेय, इथं जेवण आधी कुणाला देतात. मी तिथं रस्त्यावर उभी राहून एकटीच हसले, आणि डोळे पुसले. डॉक्टर म्हणाले, दोन दिवस उशीर झाला असता तर अवघड होतं.

ती घरी आली त्या दिवशी चौथ्या गल्लीत सणच होता. अंगणात रांगोळी, पुरणाचा वास, माळवदावरून लेकीच्या क्लासमधली पोरं फोनमधून टाळ्या वाजवत होती. थोरली वाळली होती, पण आवाज होता तसाच. धाकटी तिच्या ताटात तूप वाढत होती आणि थोरली ते कमीच आहे म्हणत होती.

निघताना मी रजिस्टर काढलं. थोरलीचं खरं वय मी लग्नाच्या हिशेबानं काढलं होतं. चौसष्ट. म्हणजे लेक झाली तेव्हा ती चाळिशीला टेकलेली. सुईणकीचं काम करणारी मी, मला ते चटकन खटकलं. धाकटी मला रस्त्यापर्यंत सोडायला आली होती, तिलाच विचारलं.

तिनं एकदा घराकडं वळून पाहिलं. मग पदर सावरत म्हणाली, "तिची दोन्ही लेकरं भूकंपात गेली. लेकरं बंद व्हायचं ऑपरेशन आदीच झालतं. शेडात ती बोलायची न्हाई, जेवायची न्हाई, नुसती बसायची. मंग ऐकलं की बायांच्या नळ्या परत जोडून देतेत, लेकरू हुतंय. पर वय जास्त आसलं तर डॉक्टर न्हाई म्हणतेत, आसं कुणी तरी बोललं. खरं-खोटं देवाला ठावं." ती माळवदाकडं बघत होती. "सायेब टेबल टाकून बसले, तिला वय इचारलं. ती कुटं बोलतीय. म्याच सांगितलं. माजं वय तिला लावलं, तिचं मला घेतलं. तिला आजून ठावं न्हाई."

माळवदावर लेक फळा पुसत होती.

माझ्या हातात पेन तसंच होतं. चिठ्ठी दिली तेव्हा ती काहीच का बोलली नाही, आणि थोरलीला मिळाली तेव्हा तिचा जीव का भांड्यात पडला, ते सगळं एकदम समजलं. मी म्हणाले, आता तरी नोंद सरळ करू या, पुढं दोघींनाही उपयोग होईल. धाकटीनं माझ्या रजिस्टरावर आपला हात ठेवला.

"राहू द्या म्याडम. दिल्यालं वय माघारी घेतेत व्हय?"