चक्राची की

आदिलाबादच्या कापूस बाजारामागे संघपाल वाघमारे यांचं पत्रिका छापण्याचं दुकान आहे. मराठी, तेलुगू, उर्दू, तिन्ही भाषांतली कामं येतात. टायपिंग पत्नी प्रतिभा करायच्या, छपाई आणि कटिंग संघपाल. याच कटिंग मशीनमध्ये काही वर्षांपूर्वी त्यांच्या डाव्या हाताची दोन बोटं गेली.

गेल्या आठवड्यात प्रतिभा वारल्या. दुपारी डोकं दुखतं म्हणाल्या, संध्याकाळी गेल्या. भेटायला येणाऱ्यांना संघपाल एवढंच सांगतात, दर वेळी याच शब्दांत. मेव्हण्यांनी सल्ला दिला, दुकान विकून टाका, तुमच्यानं टायपिंग होणार नाही. 

गुरुवारी त्यांनी दुकान उघडलं. केशवरावांच्या मुलीची लग्नपत्रिका कबूल केलेली होती. शिवाय रविवारच्या जलदानविधीची पत्रिका संध्याकाळपर्यंत हवी होती. ती प्रतिभांचीच. बौद्ध घरच्या पत्रिकेवर माथ्याला धम्मचक्र लागतं. प्रतिभांनी त्याला कीबोर्डवर कंट्रोल, शिफ्ट आणि ए अशी शॉर्टकट की ठरवलेली होती, कारण त्यांचा उजवा हात माऊसवर असायचा. संघपाल यांच्या डाव्या हाताला ती जमेना.

"माऊसनं शोधून टाका नं पप्पा," मुलगी अर्पिता म्हणाली. "एकदाच तर लागते."

"एकदाच नाही लागत. दुकान चालवाचं हाये."

तिनं चिन्हांची खिडकी उघडून दिली आणि ती जेवण आणायला घरी गेली. संघपाल यांनी चक्र निवडलं आणि उजव्या हाताला सोपी म्हणून कंट्रोल आणि पी दाबलं. ही की आधीच दुसऱ्या कामाला आहे, असं खिडकीत इंग्रजीत आलं. ते न वाचता त्यांनी ओके केलं.

ते दुसरं काम म्हणजे प्रिंट. मग लग्नपत्रिका छापायला त्यांनी सवयीनं तीच की दाबली. काही निघालं नाही, म्हणून माऊसनं प्रिंट दिली. नमुना बघायला आलेल्या केशवरावांच्या हातात ठेवला.

केशवराव भाजीवाले शेतकरी, गावातले जुने गिऱ्हाईक. त्यांनी कागद डोळ्यांजवळ नेला.

"काऊन हो भाऊ, पोरीच्या नावामांगं हे चाक कायचं? मी मनलं, वरात बैलगाडीनं आणता का काय."

"चक्र हाये. चुकून पडलं."

केशवरावांचं लक्ष तेव्हा प्रतिभांच्या रिकाम्या खुर्चीकडे गेलं.

"हासाले नाही मनलं, भाऊ."

"माईत हाये. काढून देतो."

"उद्या द्या. काही घाई नाही."

"आजच देतो," संघपाल म्हणाले, आणि दिली.

अर्पिता डबा घेऊन आली. तिनं प्रिंटची की पूर्ववत केली. मग बापलेक उजव्या बाजूच्या कीज एकेक करून दाबत बसले. ऑल्ट आणि एल मोकळी निघाली. अंगठा ऑल्टवर, मधलं बोट एलवर. संघपाल यांनी चारपाच वेळा दाबून पाहिली. पडद्यावर चक्रांची ओळ उमटली. ती त्यांनी पुसली.

खिडकीत आता चक्रासमोर दोन कीज दिसत होत्या, खाली काढून टाकायचं बटण.

"आईची काढू का? दोन कायले पायजे?"

"राहू दे. कोणाले आडवी येते?"

अर्पितानं खिडकी बंद केली. संघपाल यांनी डबा खाल्ला, हात धुतले आणि पत्रिका टाइप करायला घेतली. माथ्यावर चक्र. खाली 'कालकथित प्रतिभा संघपाल वाघमारे'. मग तारीख, स्थळ. एका हातानं बराच वेळ लागला. अर्पिता दोनदा मदतीला उठली, त्यांनी मान हलवून तिला बसवलं. तिनं वाचून पाहिलं. चूक नव्हती.

छापलेला गठ्ठा उचलून ते कटिंग मशीनकडे गेले. वाटेत दाराजवळच्या भिंतीवर मेव्हण्यांनी चिकटवलेला 'टायपिंग बंद आहे' असा कागद होता. तो त्यांनी काढला, घडी करून टोपलीत टाकला आणि गठ्ठा पात्याखाली सरळ लावला.