लाकडी पिंपातली पांढरी आणि मावशीचं अळणी

करमाळ्याहून निघालेली आमची एसटी सिन्नर सोडून पुढं आली, तेव्हा कंडक्टर मागं वळून म्हणाले, "माझ्या आवाजात कोण बोलतंय रे?"

आख्खी गाडी हसत होती. मी संगमनेरपासून त्यांची नक्कल करत होतो. "पुढं सरका, पुढं सरका, दारात काय हळदीकुंकू हाय का?" वाक्य त्यांचंच, फक्त तोंड माझं. ते चिडले नाहीत. म्हणाले, "एवढी हौस हाय तर नाशिक रोडला घंटी पण तूच मार." मारली. ड्रायव्हरनं गाडी थांबवलीसुद्धा. आयुष्यात एवढा अधिकार मला पहिल्यांदाच मिळाला.

निघायचं कारण मंदामावशीचा फोन. मावशी गिरणाऱ्याच्या पुढं एका वस्तीवर राहते. तिच्या शेजारी एक छोटी वायनरी आहे. मावशीची आणि भास्करकाकांची द्राक्षं तिथंच जातात. तिथल्या मॅडमना रविवारी येणाऱ्या पाहुण्यांसाठी वाईनबरोबर गावचं जेवण ठेवायचंय. एकदा मावशीच्या हातचं खाऊन बघणार, जमलं तर दर रविवारची चूल मावशीची. नाही जमलं तर शहरातल्या हॉटेलातून डबे येणार.

"साऱ्या वस्तीला सांगून बसलेय," मावशी फोनवर म्हणाली. "आता फसलं तर तोंड दाखवायला जागा नाय. तू ये. तू असलास की माणसं हसतात तरी."

नाशिक रोडला उतरलो. लांबवर एकलहऱ्याच्या वीजकेंद्राच्या चिमण्या धूर सोडत होत्या, आणि थोड्या वेळानं माझ्या कानांतूनही तसाच निघाला. त्याचं असं झालं, की मिसळीच्या दुकानात मालक म्हणाले, "बाहेरगावचे ना? तर्री बेतानं घ्या." आता सोलापूर जिल्ह्यातल्या माणसाला असं बोलतात का? मी वाटीवर वाटी मागवली. शेवटी मालकच दही घेऊन आले आणि माझ्याकडं बघत उभे राहिले, माणूस ट्रकखाली आल्यावर बघतात तसे. जीभ भाजून निघाली होती. पाणीसुद्धा झोंबत होतं.

गिरणाऱ्याच्या फाट्यावर भास्करकाका मोटारसायकल घेऊन उभे होते. काका शब्द मोजून वापरतात, पण एकेक शब्द धार लावलेला. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना द्राक्षांचे मांडव, मधूनच गंगापूर धरणाचं पाणी चमकायचं, आणि पश्चिमेला डोंगरांची ओळ निवांत पसरलेली. हवेत अजून थंडी होती.

"आधी मॅडमनं आमची द्राक्षं नेली," काका म्हणाले. "आता आमची मंडळी (म्हणजे मावशी) पण न्यायला लागल्या."

संध्याकाळी मावशीबरोबर वायनरीत गेलो. प्रीती मॅडम चाळिशीच्या, हसऱ्या, बोलताना हातानं हवेत गोल काढणाऱ्या. पिंपांच्या खोलीत गार अंधार आणि ओल्या लाकडाचा वास. पांढरी वाईन एरवी स्टीलच्या टाकीत ठेवतात, मॅडम सांगत होत्या, पण ही ओक लाकडाच्या पिंपात बरेच महिने मुरलीय. त्यानं तिला रंग आलाय सोनेरी, आणि अंग भरलंय.

"मावशी, नुसता वास घ्या."

मावशीनं पदर नाकाखालून बाजूला केला. "बेकरीवरनं जाताना येतो तसा वास हाय. आणि कढवलेल्या लोण्याचा."

"अगदी बरोबर! घोटभर घेता?"

"नाय बाई. आज शनिवार."

"मग उद्या?"

"उद्या पण नाय."

निघताना मॅडम एकच म्हणाल्या, "मावशी, तिखट तेवढं बेतानं हं." मिसळवाल्या मालकांची आठवण येऊन माझी जीभ आपोआप आत गेली.

रविवारी सकाळपासून मावशीची चूल पेटलेली. आधी मटण नुसतं हळद, मीठ, आलं-लसूण आणि तुपात शिजवलं. मसाला पडायच्या आधी त्यातलं पाणी आणि चार फोडी काढून ठेवायची रीत घरोघर आहे. मीठ असलं तरी त्याला अळणीच म्हणतात. ते लहान पोरांचं, नाहीतर आजाऱ्याचं. मावशीनं मोठं पातेलंभर काढलं, कारण वस्तीवरची सगळी पोरं जेवायला येणार होती. त्यात यंदा एक पोरगं पंचविशीचं, भाजल्या जिभेचं.

मग काळ्या मसाल्याचा रस्सा. मावशीनं तो खरंच बेतानं केला. मी बोटानं चाटून बघितला, डोळ्यांत पाणी आलं नाही. पण दुपारी गाड्या अंगणात लागल्या, पाहुणे उतरले, आणि मावशीचा हात राहिला नाही. वस्तीवर पाहुण्याचा मान तर्रीवर ठरतो. रश्श्यावर लाल तवंग नसेल तर गावभर बोलतात, "मंदानं पाहुण्यांना पाणी पाजलं." तिनं कढईत तेल तापवलं, मिरची टाकली आणि सगळी तर्री रश्श्यावर ओतली. मी ओरडेपर्यंत झालं होतं.

"अगं, मॅडम काय म्हणाल्या होत्या?"

"म्हणू दे. दारात आलेल्याला असं फिक्कं वाढू?"

मांडवाखाली पंगत बसली. मॅडम, नाशिकचे एक डॉक्टर, त्यांच्या पत्नी, आणखी दोघं. पेल्यांत सोनेरी वाईन. पहिला घास, मग घोट. डॉक्टरांना ठसका लागला. दुसऱ्या घोटाला त्यांच्या पत्नी म्हणाल्या, "वाईन कडू लागतेय का हो? लाकूड चावल्यासारखी?"

मॅडमनी पेला खाली ठेवला. मावशी चुलीजवळ बसून भाकरी थापत होती, पण तिचं सगळं लक्ष त्या खाली ठेवलेल्या पेल्यावर होतं. हातातली भाकरी कधीच पुरेशी मोठी झाली होती, ती तरी थापतच होती.

मी पंगतीच्या टोकाला अळणीची वाटी घेऊन बसलो होतो. काका म्हणाले, "बाळाला लाळेरं बांधू का?"

पंगत हसली. मला वाटलं, हीच वेळ. मी वाटी दोन बोटांत धरली, मॅडमसारखी गोल फिरवली, नाक आत घातलं आणि त्यांच्या आवाजात म्हणालो, "अंग बघा कसं भरलंय! मागून आल्याची झुळूक येतेय, आणि शेवटाला बोकड." मग एक घोट अळणीचा, लगेच एक वाईनचा, डोळे मिटून.

मिटलेले डोळे मिटलेलेच राहिले. मघाशी पंगत बसताना घेतलेला याच वाईनचा घोट भाजल्या जिभेला झोंबला होता, आता झोंबला नाही. तूप आणि चरबीनं जीभ मऊ झाली होती, आणि वाईन तिच्यावरून साईसारखी सरकली. लोण्याचा वास आता कुठं कळला.

"पुढं बोल की रे," काका म्हणाले.

"नक्कल संपली, काका. हे खरंच लागतंय."

मॅडमनी माझ्या हातातली वाटी घेतली. भुरका मारला, घोट घेतला, परत भुरका मारला. "मावशी! हे अजून आहे?"

मावशी लाजेनं लाल. "ते पोराबाळांचं हाय, मॅडम. आजाऱ्याला देतात. पाहुण्याला कसं वाढू?"

"मी आजारी आहे," डॉक्टर म्हणाले. "मला द्या."

वाढताना मावशीनं मान वर केली नाही. पण डॉक्टरांनी त्यात भाकरी कुस्करली तेव्हा तिनं वर बघितलं. मग तिच्या हाताला पाय फुटले. निखाऱ्यावरचं मक्याचं कणीस लोणी चोपडून आलं. भाजलेलं रताळं तूप घालून आलं. बिनमिरचीचं शेंगदाण्याचं कूट घातलेलं वांग्याचं भरीत आलं. प्रत्येकाबरोबर मॅडम घोट घेत होत्या आणि हवेत गोल काढत होत्या.

"पुढच्या रविवारी याच वेळी, मावशी?" उठताना त्या म्हणाल्या.

"या की. पण तर्रीची वाटी बाजूला ठेवणार. माझ्या दारातनं कोणी बेचव खाऊन गेलं असं नको."

"ठेवा. वाईन संपल्यावर द्या म्हणजे झालं."

सगळे गेल्यावर मावशीनं मला दार लोटायला सांगितलं. उरलेल्या वाईनचा एक घोट वाटीत ओतला, आधी अळणी प्यायली, मग ती. बराच वेळ जिभेवर घोळवली.

"मीठ कमी पडलंय," ती म्हणाली. "अळणीत. हिच्यासोबत चिमूटभर जास्त पाहिजे."

करमाळ्याला परत आलो त्याच्या पुढच्या रविवारी आमच्याकडंही मटण होतं. मी म्हणालो, "आई, मला अळणी दे." तिनं कपाळाला हात लावून ताप बघितला. तेवढ्यात मावशीचा फोन. मी स्पीकर लावला.

"पातेलं खरवडून खाल्लं रे सगळ्यांनी. पण तर्रीच्या वाट्या तशाच परत आल्या. तुझ्या काकानं संपवल्या, आता दही खात बसलाय." जरा थांबून म्हणाली, "पाहुण्यांचा मान राहिला का रे?"

"मावशी, तू त्यांना पोरांच्या वाटणीचं वाढलंस. आणखी काय मान ठेवायचा?"

पलीकडून नुसता भांड्यांचा आवाज आला, मग हसणं.

आईनं निमूट दोन वाट्या आणल्या. एक तिच्यासाठी.

"मंदाकडं कशासंगं खातात म्हणे हे?"

"पिंपातल्या पांढऱ्या वाईनसंगं."

"आपल्याकडं पांढरं म्हणजे ताक हाय," आई म्हणाली, आणि तांब्या माझ्याकडं सरकवला.